हृदयाचा दाह : एक दुर्लक्षित विकार

हृदयविकार म्हटला की पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाब किंवा मधुमेह असलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या, मैदानावर धावणाऱ्या मुलामुलींनाही हृदयाचे काही विकार गाठू शकतात. ते रक्तवाहिनी तुंबल्यामुळे होत नाहीत, तर दाहामुळे म्हणजे सुजेमुळे होतात. वेळीच ओळखले तर त्यांतून बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणूनच या विकारांची ओळख आपण येथे करून घेऊ.

हृदयाची रचना

आपले हृदय साधारणपणे आपल्या मुठीएवढे असते आणि दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. त्याला आतून पातळ अस्तर, मध्ये जाड स्नायू आणि बाहेरून दुपदरी पिशवीसारखे आवरण असते. या दोन पदरांमध्ये १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. गाडीच्या आसाला वंगण लागते, तसाच हा द्रव हृदयाची हालचाल सुरळीत ठेवतो. स्नायूला सूज आली की त्या विकारास 'मायोकार्डायटिस' म्हणतात, तर आवरणाला सूज आली की 'पेरिकार्डायटिस'. कधी कधी दोन्ही एकदम होतात.

कारणे

पुष्कळदा विषाणू हे कारण असते. त्यांपैकी 'कॉक्सॅकी' विषाणूचा शोध १९४८ साली अमेरिकेत लागला. न्यूयॉर्क राज्यातील ज्या गावी तो सापडला, त्या गावाचेच नाव त्याला मिळाले. फ्ल्यू, डेंग्यू आणि कोविड यांमध्येही हृदयस्नायूला सूज येऊ शकते. घटसर्पाचे विषही थेट या स्नायूवर आघात करते. बाळाला लस वेळेवर टोचून घेणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशात आणखी दोन कारणे विसरून चालणार नाहीत. पहिले संधिवाताचा ताप. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांचा घसा विशिष्ट जंतूंमुळे सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखू लागतात आणि हृदयाच्या तिन्ही थरांना दाह होऊ शकतो. दुसरे कारण क्षयरोग. क्षय केवळ फुप्फुसाचा असतो असे नाही, तो हृदयाच्या आवरणातही शिरतो.

लक्षणे

स्नायूच्या दाहात ताप-सर्दी होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत धाप लागते, छातीत धडधडते, पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, क्वचित चक्कर येऊन शुद्ध हरपते. घरची मंडळी याला 'तापाचा अशक्तपणा' समजतात आणि दिवस वाया जातात.

आवरणाच्या दाहात छातीत टोचल्यासारखे तीव्र दुखते. खोल श्वास घेतला किंवा उताणे झोपले की दुखणे वाढते, पुढे वाकून बसले की कमी होते. परंतु छातीतले दुखणे कोणते, हे आपण घरी ठरवू नये. ते काम डॉक्टरांचे आहे.

आवरणात द्रव साठणे हा मोठा धोका होय. द्रव सावकाश साठला तर पिशवी ताणली जाते आणि १ लिटरहून अधिक द्रवही मावतो. तोच झपाट्याने साठला तर २०० मिलिलिटरदेखील हृदयाला जखडून टाकतो. अशा वेळी सुईने द्रव काढला नाही तर प्राणावर बेतते. क्षयाचा उपचार अपुरा राहिला तर पुढे आवरण जाड व टणक होते. मग पोट व पाय सुजतात, आणि रोग यकृताचा आहे असा समज होतो.

निदान व उपचार

हृदयाचा आलेख, छातीचा एक्स-रे, ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफीसारखी इको तपासणी यांवरून बराच उलगडा होतो. आवरणाचा साधा दाह सूज उतरवणाऱ्या औषधांनी बरा होतो. स्नायूच्या दाहात विश्रांती हेच मोठे औषध आहे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत, म्हणजे बहुधा ३ ते ६ महिने, खेळ, व्यायाम व अवजड काम बंद ठेवावे लागते. सुजलेल्या स्नायूवर ताण पडला तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात.

आपण काय करावे?

१. तापानंतर धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्रास तीव्र असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
२. अंगात ताप असताना स्पर्धेत किंवा भरतीच्या चाचणीत धावू नये.
३. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला डॉक्टरांनी ठरवून दिलेली पेनिसिलिनची इंजेक्शने, सामान्यतः दर ३ ते ४ आठवड्यांनी, सांगितलेली सर्व वर्षे चुकवू नयेत.
४. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. किमान ६ महिन्यांचा क्रम पूर्ण करावा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.
५. स्वतःच्या मनाने वेदनाशामक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरात वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी अशी ही माहिती आहे. एखाद्या मुलाची धाप 'आळस' म्हणून झिडकारली जाऊ नये आणि एखाद्या भगिनीचा औषधाचा क्रम पैशाअभावी किंवा लाजेपोटी तुटू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी मिळून घेतली, तर अनेक तरुण हृदये वाचतील.