शिळ्या पावाची न्याहारी

(इयत्ता ६ वी व ७ वी : कार्यानुभवाच्या तासासाठी)

सातारा व सांगली या जिल्ह्यांत उरलेले अन्न टाकून देण्याची रीत नाही. रात्रीची ज्वारीची भाकरी उरली, तर सकाळी ती कुस्करून कांदा, मिरची व हळदीच्या फोडणीत परततात आणि घरची न्याहारी होते. पाव मात्र या भागातील स्वयंपाकघरात मागाहून आला. तो शिळा झाला म्हणजे बहुधा चहात बुडवून मुलाच्या हाती दिला जातो. चहापावाने पोट तेवढ्यापुरते भरते. परंतु वाढत्या वयास हवी असणारी प्रथिने त्यातून फारशी मिळत नाहीत. अशी न्याहारी करून आलेले मूल दुपारच्या सुट्टीपूर्वीच पेंगू लागले, तर त्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होय.

ज्यास आपण फ्रेंच टोस्ट म्हणतो, त्यास खुद्द फ्रान्समध्ये ‘वाया गेलेला पाव’ अशा अर्थाचे नाव आहे. पदार्थ मात्र त्याहून जुना आहे. पाव दुधात भिजवून तळावा व वर मध घालावा, अशी कृती प्राचीन रोमन पाकग्रंथातही आढळते. वाया जाणारे अन्न वाचविण्याची ही युक्ती आपल्या कुस्कऱ्याचीच बहीण शोभते.

ताजा पाव मिश्रणात बुडविला की लिबलिबीत होऊन मोडतो. शिळ्या पावातील पिष्ट घट्ट झालेले असते व वरचा भाग कोरडा असतो. म्हणून तो दूध-अंडे शोषूनही आकार धरून राहतो. गव्हाच्या पिठात चिकट जाळे तयार होते, ज्वारीत ते होत नाही. म्हणूनच भाकरी कुस्करावी लागते आणि पाव अखंड भाजता येतो. हा भेद विद्यार्थ्यांकडून दोन्ही पदार्थ पाण्यात भिजवून पडताळून घ्यावा.

शिळा पाव निराळा व बुरशी आलेला निराळा. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात पावावर बुरशी लवकर येते. तिचे तंतू आतवर गेलेले असतात. तेव्हा वरचा डाग खरवडून तो खाऊ नये, सबंध टाकावा.

दोन मुलांसाठी पावाचे ४ काप, २ अंडी व अर्धा कप दूध घ्यावे. अंडी फोडण्यापूर्वी पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे राहते. जुने झालेले उभे राहते किंवा तरंगते, कारण त्यातील हवेची पोकळी वाढलेली असते. अंडी व दूध घुसळून त्यात चिमूटभर मीठ घालावे. गोड हवे असल्यास २ चमचे साखर. तिखट हवे असल्यास बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर व किंचित हळद. कापाची प्रत्येक बाजू १५ ते २० सेकंद भिजवावी. तव्यावर चमचाभर तेल सोडून मंद आचेवर दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटे भाजाव्यात. आच मोठी केली की साखर करपते आणि आत अंडे कच्चेच राहते. अंड्यातील बलक सुमारे ७० अंशांस घट्ट होतो. उलथन्याने दाबले असता ओलसर रस बाहेर येता कामा नये, कारण कच्च्या अंड्यातून रोगजंतू पोटात जाण्याचा संभव असतो. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय भोजनात आठवड्यास एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. शिवाय ते भोजन पडले दुपारचे. सकाळचा प्रश्न घरीच सोडवावा लागतो. ज्या घरी अंडे चालत नाही तेथे बेसन दुधात सरसरीत कालवून घ्यावे. चव निराळी लागते, पण प्रथिने मिळतात. एकाने दुसऱ्याच्या ताटावरून टीका करू नये, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

हे काम केवळ मुलींकडे सोपवू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींचे मुलगे एकत्र राहत व स्वयंपाकाची कामे स्वतः करीत. वर्गातही एका गटाने मिश्रण घुसळावे, दुसऱ्याने पाव कापावा. तवा मात्र आळीपाळीने प्रत्येकाकडे यावा आणि त्या वेळी शिक्षकांनी जवळ उभे राहावे.