हप्ते वेळेवर, अपडेट उशिरा

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दीड वर्षापूर्वी इथल्या एका मोबाइल सेवा कंपनीच्या दुकानातून ३६ हप्त्यांवर अँड्रॉइड फोन घेतला. एकही हप्ता चुकवलेला नाही. माझ्या मेहुण्याने हाच फोन थेट उत्पादकाकडून घेतला. त्याला अँड्रॉइडची नवी आवृत्ती मिळून दोन महिने झाले. पुण्यातल्या धाकट्या भावालाही मिळाली आणि तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला त्यावरून खिजवतो. माझ्या फोनचा सुरक्षा पॅचसुद्धा तीन महिन्यांपूर्वीचा आहे. सेवा कंपनी म्हणते उत्पादकाला विचारा, उत्पादक म्हणतो सेवा कंपनीला विचारा. हप्ते थांबवू का? फोन परत करता येईल का? आणि अनलॉक करून घेतला तर अपडेट लवकर येईल का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : हप्ते थांबवू नका. राग रास्त आहे, पण हा उपाय तुमच्यावरच उलटेल. फोनच्या हप्त्यांचा करार हा कर्जाचा करार असतो. त्यात अपडेटचा शब्दही नसतो. हप्ता थकला की वसुलीची पत्रं सुरू होतात आणि तुमच्या क्रेडिट इतिहासावर डाग पडतो. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात, तर बँक अँड्रॉइडची कहाणी ऐकून घेणार नाही. शिवाय तुम्ही बहुधा बिलात दरमहा सूट मिळणाऱ्या योजनेत असाल. त्या योजनेतून मध्येच बाहेर पडलात, तर उरलेली सूट बुडते आणि फोनची उरलेली किंमत एकरकमी भरावी लागते. म्हणजे सोडून जाण्याची धमकी देण्याइतकंही बळ या करारात तुमच्या हाती ठेवलेलं नाही.

आता अनलॉकचं. इथे बहुतेकांची गल्लत होते. अनलॉक केल्याने फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेतो, एवढंच. आतलं सॉफ्टवेअर ज्या कंपनीसाठी भरलेलं असतं, तिचंच राहतं. सॅमसंगच्या फोनमध्ये तर प्रत्येक सेवा कंपनीसाठी आणि प्रत्येक देशासाठी वेगळा सांकेतिक गट असतो, अपडेट त्या गटाप्रमाणे सुटतं. पुण्यातल्या भावाचा फोन दिसायला तुमच्यासारखाच, पण तो भारताच्या गटातला, म्हणून त्याच्या रांगेत तुमची अमेरिकी कंपनी येतच नाही. उलट धोका असा, की काही सेवा कंपन्यांच्या फोनला त्यांचं सिम आत नसेल तर हवेतून अपडेट येणंच थांबतं. तेव्हा अनलॉक करून दुसरीकडे गेलात, तर उशिरा येणारं अपडेट कदाचित येणारच नाही. (मेहुण्यांनाही सांगा, फार हसू नका. सॅमसंगच्या काही जुन्या मॉडेलांत अमेरिकेतल्या मोकळ्या फोनांनाच अपडेट सेवा कंपन्यांच्या फोनांनंतर मिळाल्याचं घडलेलं आहे.)

उशीर होतो कुठे? गूगल मूळ सॉफ्टवेअर देतं, चिप बनवणारा ते आपल्या चिपशी जुळवतो, फोनचा उत्पादक त्यावर आपला साज चढवतो. थेट विकलेला फोन इथून निघतो. सेवा कंपनीने विकलेल्या फोनला अजून एक नाका ओलांडावा लागतो. कॉल नीट लागतात का, आणीबाणीच्या ९११ ला फोन जातो का, वायफायवरून बोलता येतं का, आणि कंपनीने आधीच कोंबलेली ॲप्स चालतात का, हे सगळं तिच्या प्रयोगशाळेत तपासलं जातं. दोष सापडला की गाडी परत उत्पादकाकडे. ९११ ची तपासणी अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. पण हा नाका अटळ आहे, हेही खरं नाही. २००७ साली पहिला आयफोन अमेरिकेत एकट्या एटी अँड टीमार्फत विकला गेला, तरी अपडेटची किल्ली ॲपलने स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणून आजही आयफोन कुठल्याही दुकानातून घ्या, अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी दिसतं. म्हणजे प्रश्न तंत्राचा कमी आणि सौद्यात कोणाचं चाललं याचा जास्त.

कायदा काय म्हणतो? अमुक दिवसांत अपडेट दिलंच पाहिजे, असं सांगणारा सर्वसाधारण कायदा अमेरिकेत नाही. प्रयत्न झाले. एप्रिल २०१३ मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेने चार मोठ्या सेवा कंपन्यांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तक्रार केली. मागणी तुमच्यासारखीच होती : फोनमधल्या धोक्याची ग्राहकाला कल्पना द्या, दंड न घेता करारातून सोडा, फोन बदलून द्या किंवा पैसे परत करा. त्यातून ग्राहकाला तसा हक्क काही मिळाला नाही. त्याच वर्षी कमिशनने एचटीसी या फोन उत्पादक कंपनीला मात्र धरलं, कारण तिने स्वतःच्या फेरफारांनी लाखो फोनांत सुरक्षेची भोकं पाडली होती. तिला ती बुजवणारे पॅच द्यावे लागले. फरक लक्षात घ्या. ती कारवाई अपडेट उशिरा दिल्याबद्दल नव्हती, सॉफ्टवेअर बेफिकिरीने बनवल्याबद्दल होती. २०१६ मध्ये कमिशनने आठ उत्पादकांकडून माहिती मागवली आणि २०१८ च्या अहवालात अपडेटची प्रक्रिया लवकर उरका, किती काळ अपडेट देणार ते ग्राहकाला सांगा, असं सुचवलं. सुचवलं, बजावलं नाही.

युरोपने ते बजावलं. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनना त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतात, आणि सुरक्षा पॅच उपलब्ध झाल्यापासून जास्तीत जास्त चार महिन्यांत पोचवावा लागतो. त्याआधी डच ग्राहक संघटना सॅमसंगविरुद्ध कोर्टात गेली होती आणि २०१८ मध्ये हरली होती. कायद्यात ओळ नसेल तर न्यायाधीश ती स्वतःहून लिहीत नाही. तुमचे तीन महिने मात्र युरोपच्या मोजपट्टीनेही अजून मुदतीत बसतात, हे नाइलाजाने सांगतो.

कोर्टाचं म्हणाल, तर करार उघडा आणि लवादाचं कलम शोधा. सेवा कंपन्यांच्या करारात ते असतंच. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला ‘फुकट’ म्हणून जाहिरात केलेल्या फोनवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावला गेला. सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र दावा चालवायचा, तर हे कलम आडवं आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी एटी अँड टीची सरशी झाली. सामुदायिक दाव्याचा दरवाजा तेव्हापासून जवळपास बंद आहे. छोट्या दाव्यांचं कोर्ट मात्र ही कलमं सहसा मोकळं ठेवतात आणि न्यू जर्सीत तिथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालवता येतो.

पण दावा कशाचा? तुम्हाला कोणी काय कबूल केलं होतं, यावर सगळं अवलंबून आहे. फोन घेताना जाहिरातीत, खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर ‘दर महिन्याला सुरक्षा अपडेट’ असं छापलं होतं का? नुसतं ‘सात वर्षं अपडेट’ असेल, तर ते शेवटपर्यंत कधीतरी मिळेल एवढंच वचन. त्यात वेग येत नाही. ठोस वचन मोडलेलं दिसलं, तर राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याचा आधार आहे. त्यात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. अट एकच, नुकसान डॉलरमध्ये मोजता आलं पाहिजे. भावाचं खिजवणं त्यात धरत नाहीत.

वचन सापडलं नाही, तर मी तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवणार नाही. एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे, ऑनलाइन तक्रार करा. पैसे पडत नाहीत, आणि तक्रार पोचल्यावर सेवा कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरचा क्रमांक, पॅचची तारीख आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवल्याच्या तारखा लिहा. ‘अपडेट लवकर द्या’ असं मोघम मागू नका. ‘या मॉडेलची चाचणी कोणाकडे अडली आहे आणि कोणत्या तारखेला सुटणार’ असं विचारा. ग्राहक सेवेतल्या मुलाला हे सांगण्याची मुभा नसते, पण या तक्रारीचं उत्तर बहुधा वरच्या विभागातून येतं.

तोवर सेटिंगमध्ये जाऊन ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ वेगळं तपासा. अँड्रॉइड १० पासून काही सुरक्षा दुरुस्त्या त्या वाटेने सेवा कंपनीला न विचारता येतात. तेवढ्याने पॅचची तारीख बदलणार नाही, पण काही दारं बंद होतील.

फोन परत करणं? परतीची मुदत आठवड्यांत मोजतात. दीड वर्षानंतर नाही.

प्रश्न : दादरच्या एका दुकानातून मी ‘इम्पोर्टेड’ फोन घेतला, बाजारापेक्षा अकरा हजारांनी स्वस्त. सुरू करताना पडद्यावर एका अमेरिकी मोबाइल कंपनीचं नाव येतं. सात महिन्यांत एकही अपडेट नाही. दुकानदार म्हणतो, “अमेरिकन पीस आहे ताई, दोन हजार द्या, भारताचं सॉफ्टवेअर मारून देतो.” मारून घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळेल. अपडेटसाठी तुमच्या फोनला अमेरिकेतल्या त्या कंपनीचं सिम हवं असेल, आणि ते ठाण्यात मिळत नाही. दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर भरल्याने फोनमधली माहिती पुसली जाते, चुकलं तर फोनचा दगड होतो, आणि काम बिनसलं की दुकानदार पहिला सांगणार, ‘सॉफ्टवेअर बदललंय, आता आमची जबाबदारी नाही.’ पुरावा आहे तसा ठेवा.

एडिसनच्या वाचकापेक्षा तुमची बाजू भक्कम आहे. त्यांना निदान आपण काय घेतोय ते माहीत होतं. परदेशातल्या एका कंपनीच्या जाळ्यासाठी बांधलेला फोन, भारतात त्याला अपडेट येणार नाही ही गोष्ट लपवून विकणं, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. ‘इम्पोर्टेड’ या एका शब्दात हे सगळं सांगितलं होतं, असं दुकानदार म्हणेल. ते मान्य करू नका. खोकंही पाहा. रीतसर आयात करून विकलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. नसेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा. *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळवा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर किंवा १४४२२ वर एसएमएस करून तो काळ्या यादीत किंवा बनावट तर नाही ना, तेही तपासा. चोरीचा निघाला तर प्रश्न अपडेटचा राहत नाही, पोलीस ठाण्याचा होतो.

आधी दुकानदाराला लेखी नोटीस द्या : पंधरा दिवसांत पैसे परत किंवा भारतात विक्रीसाठीचा फोन. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी दादरची असली तरी तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तुमचे सात महिने गेले.

फोन भेट म्हणून आला असता तर? अमेरिकेतल्या मुलाने आणलेला फोन वापरणारी आईसुद्धा आपल्या कायद्यात ग्राहकच ठरते, कारण खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही त्या व्याख्येत येतो. पण विकणारा न्यू जर्सीत आणि आयोग ठाण्यात, अशा दाव्यात हाती काही लागेल असं मी कोणाला सांगणार नाही. गणपतीला किंवा दिवाळीला येणाऱ्या मुलांना एवढंच कळवा, की आणायचाच असेल तर सेवा कंपनीच्या दुकानातला नको.

तुमच्या पत्रात बिलाचा उल्लेख नाही. बिल नसेल तर नोटिशीआधी ते मागा. मागूनही दिलं नाही, तर बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तुमच्या तक्रारीतला पहिला मुद्दा तोच लिहा.