मुखाचे रोग व शस्त्रवैद्याचें साहाय्य

(वाचन : योहान ९:१–७)

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रथम विचारलें तें हेंच कीं, पाप कोणाचें? प्रभूनें तो विचार बाजूस सारला, त्याच्या डोळ्यांस चिखल लाविला व त्यास शिलोहाच्या तळ्याकडे पाठविलें. तो गेला, आणि डोळस होऊन परतला. आजचा पाठ ह्या जाण्याविषयीं आहे. तळोज्याच्या आसपास घरोघर भेटी देतांना गालास फडकें बांधून दुखणें सोसणारीं माणसें आम्हांस आढळतात. शस्त्राचें नांव काढतांच तीं भितात. यास्तव कोणती शस्त्रक्रिया कां करावी लागते, हें येथें सांगतों.

१. दांत काढणें. कीड मुळापर्यंत जाऊन दांत वांचविण्याजोगा राहिला नाहीं, किंवा आधाराचें हाड झिजून तो हालूं लागला, म्हणजे काढावा लागतो. सुईनें ती जागा बधिर करितात. वरची दाढ काढिल्यानें दृष्टि जाते ही समजूत खोटी आहे. दाढेची नस निराळी व दृष्टीची निराळी. मधुमेह असल्यास, अथवा रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू असल्यास, तें आधीं सांगावें; आपल्या मनानें औषध बंद करूं नये.

२. अक्कलदाढ. हिला जागा न मिळाल्यास ती हाडांत आडवी अडकते. हिरडीखालीं अन्न सांचून सूज येते व शेजारची दाढही किडते. तेव्हां हिरडी चिरून ती काढितात. मात्र प्रत्येकाची अक्कलदाढ काढावीच लागते असें नाहीं.

३. पुवाचें गळू. गोळीनें ठणका शमतो, पण कोंडलेल्या पुवास वाट करून द्यावीच लागते. सूज गळ्याकडे उतरून तोंड उघडेना, गिळवेना किंवा श्वास कोंडूं लागला, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. येथें उशीर प्राणघातक होतो.

४. दुभंगलेला ओठ व टाळू. असें मूल जन्मलें म्हणजे आईनें ग्रहणांत विळी हातीं धरली, असें शेजारी म्हणतात. हा शिष्यांचाच प्रश्न! त्या माउलीस दोष देऊं नये. ओठ बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत व टाळू वर्षाच्या सुमारास शिवितात; मग मूल नीट खाऊं व स्पष्ट बोलूं लागतें.

५. तुकडा काढून तपासणी. वरील रोग दुखतात, म्हणून मनुष्य उशिरां कां होईना, जातो. हा रोग आरंभीं दुखत नाहीं, हेंच त्याचें कपट आहे. मिश्री, तंबाखू व सुपारी ह्यांचें सेवन करणाऱ्यांच्या तोंडांत पांढरा वा तांबडा चट्टा पडला, दोन आठवड्यांत जखम भरली नाहीं, किंवा तोंड दिवसेंदिवस कमी उघडूं लागलें, तर तपासणी करावी. शस्त्र लागल्यानें कर्करोग पसरतो असें लोक म्हणतात. पण पसरतो तो विलंबानें. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली, तरी मिश्रीची डबी घरोघर आहेच.

आमच्या मंडळींतील एका आजींच्या गालांत असा चट्टा होता. "दुखत नाहीं, पाळकबाबा," असें त्या म्हणत. आम्हीं प्रार्थना केली, परंतु त्यांस पाठविलें नाहीं. पुढें त्या गेल्या तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. प्रभूनें पाठविलें, आम्ही ते विसरलों, ही आमची चूक.

१८९४ सालीं डॉ. वॉनलेस यांनीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडिलें, तेव्हां दूरदूरच्या खेड्यांतून रोगी तेथें जात. आपणांस तर खारघर जवळ आहे. तेथें दंतमहाविद्यालयें आहेत व टाटा स्मारक केंद्राचें कर्करोग रुग्णालयही आहे. २०२३ पासून पेंधरहून तिकडे मेट्रोही धावते. भिणाऱ्याबरोबर एकानें जावें. हीही सेवाच आहे.

मनन करण्यासाठीं प्रश्न : (१) प्रभूनें त्या मनुष्यास बरें करितांना पाठविलें कां? (२) आपल्या घरांत कोणाचें तोंड आज पाहिलें पाहिजे? (३) त्याच्याबरोबर कोण जाईल?