शालूच्या आधी वही

अगं, काल फोनवर तू शालूचा रंग विचारत होतीस आणि मी नुसती हो-हो करत होते. डोक्यात वेगळंच चाललं होतं. साखरपुड्याला तीन आठवडे झाले बयो, आणि त्यांच्याकडची माणसं किती, आपल्याकडची किती, हे अजून कुणी कागदावर मांडलेलं नाही! रंग कुठलाही घे, तुला सगळे शोभतात. आता जरा बस आणि ऐक.

माझ्या लग्नात तू आठवीत होतीस, करवली म्हणून मिरवत होतीस. पाठवणीच्या आधी मी पर्स शोधायला कोठीघरात गेले, तर बाबा तेलाच्या डब्यावर बसलेले आणि समोर केटररचा माणूस. ताटं ठरली होती साडेचारशे. तो म्हणत होता, सहाशे बारा झाली. बाबांकडे उलट बोलायला काहीच नव्हतं, कारण आपल्या बाजूनं ताटं मोजायला कुणी उभंच नव्हतं. काका फोटोत, मामा व्याह्यांच्या सरबराईत. बाबांनी सही केली. मला बघून म्हणाले, "जेवलीस का गं?" त्यासाठी काढलेलं पतपेढीचं कर्ज तीन वर्षं फिटत होतं, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. आता ते निवृत्त झालेत, आणि तुझ्या लग्नातही ते तशीच सही करतील. म्हणून ही कटकट.

तर पहिलं म्हणजे पानांचा आकडा. पत्रिका, फुलं, मुंडावळ्या यांत काटकसर करून काही हाती लागत नाही, खरा खड्डा पडतो तो पंगतीत. एक ताट साडेचारशेचं धर. पाचशे पानांचे सव्वादोन लाख, तीनशेचे एक लाख पस्तीस हजार. नव्वद हजारांचा फरक, आणि त्यासाठी जिलेबीतली एक वेटोळीसुद्धा कमी करावी लागलेली नाही. पदार्थ मुळीच कमी करू नकोस. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, गरम जिलेबी. एवढं नीट झालं तर लोक वर्षभर नाव काढतात. चाट आणि पास्त्याचे काउंटर काढून टाक. वाढपी मात्र चार जास्त सांग, उपाशी पाहुणा फार बोलतो.

माणसं कशी कमी करायची? एक सोपा नियम सांगते. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी आपलं फोनवरही बोलणं झालं नाही, ते यादीत नकोत. आई म्हणेल, "त्यांनी आपल्याला बोलावलं होतं." तिथं मऊ पडू नकोस, हवं तर लग्नानंतर जोडीनं त्यांच्या घरी पेढे घेऊन जा, त्यांना ते जास्त आवडेल. आणि गंमत सांगू? मधल्या वारची सकाळची वेळ घेतलीस तर निम्मे ऑफिसवाले आपोआप गळतात. गोरज मुहूर्ताला मात्र सगळं गाव येतं, जेवूनच जातं. शिवाय तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयवाल्यांची खरी दिवाळी सुरू होते, त्यात शनिवार-रविवार मागितलास तर घासाघीस करायला जागाच उरत नाही.

कार्यालय बघायला जाशील तेव्हा "भाडं किती" एवढ्यावर थांबू नकोस. वीज भाड्यात धरलीय की मीटरप्रमाणे? साफसफाई, जनरेटरचं डिझेल, गॅसच्या टाक्या वेगळ्या का? आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला जागा मिळते की थेट सकाळी सहाला किल्ली देतात? केटरर आणि डेकोरेशनवाला त्यांचाच घ्यावा लागतो का? अनामत किती दिवसांत परत करणार? उत्तरं तोंडी नकोत, पावतीच्या मागे लिहून घे. तो मॅनेजर हसेल. हसू दे.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे याद्या करतात ना, दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून, कुणी काय करायचं ते लिहून खाली सह्या? हल्ली तो नुसता चहा-पोह्यांचा कार्यक्रम झालाय. "तुम्ही म्हणाल तसं", "आमची काही अपेक्षा नाही" असं म्हणतात आणि उठतात. मग हळदीच्या आदल्या दिवशी कळतं की सगळ्या आत्यांना साड्या हव्यात. "अपेक्षा नाही" हे वाक्य मला सगळ्यात महाग पडलं. तेव्हा कागद खरोखर लिहा. कार्यालय निम्मं-निम्मं, जेवण ज्याच्या त्याच्या पानांप्रमाणे, मानपान दोन्हीकडे बंद. आधी तू त्याच्याशी एकट्यानं बोल, त्याला त्याच्या आईशी बोलू दे, आणि मग बैठक. आपल्या बाबांना हे शब्द उच्चारायला लावू नकोस, त्यांच्याच्यानं होणार नाही. मानपानाच्या त्या टॉवेल-टोप्या आणि ब्लाउजपीस घरोघर फिरत असतात गं. माझ्या सासरी मी दिलेली शाल चार वर्षांनी मलाच परत आली, घडीसुद्धा तीच.

भेटी आल्या तर त्यांचीही यादी ठेव. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, खाली तुमच्या सह्या. हे माझं खूळ नाही, हुंडाबंदीच्या कायद्याखाली १९८५ साली झालेल्या नियमांतच आहे ते. तुझ्या वस्तूंची तुझ्याकडे, त्याच्या त्याच्याकडे.

सोन्याचं थोडक्यात. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघून घे, आणि घडणावळ बिलात वेगळी लिहायला सांग. नक्षी जितकी बारीक तितकी ती चढते. शालू तास-दीड तास अंगावर असतो. आईची जांभळी पैठणी ट्रंकेत आहे, नवा ब्लाउज शिवून बघ एकदा. नको वाटली तर नको.

गुरुजींची दक्षिणा कापू नकोस, पण विवाहनोंदणीच्या अर्जावर त्यांची सही त्याच दिवशी, अक्षता पडल्या पडल्या घे. नंतर ते पुढच्या मुहूर्ताला धावतात आणि महिनाभर सापडत नाहीत. आपल्याकडे १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते, तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार गावातलेच धर, अमेरिकेहून आलेली मैत्रीण नको.

तू मागे एकदा म्हणालीस, नुसतं नोंदणी पद्धतीनंच केलं तर? मला आवडेल. जोतीरावांनी १८७३ च्या डिसेंबरात पुरोहितावाचून पहिलं सत्यशोधकी लग्न लावलं, तेव्हापासून आपल्या मातीत हा विचार आहे. पण विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस आणि मग तीस दिवस थांबणं आलं, तेव्हा ठरवायचं तर याच महिन्यात ठरव. आणि आईला मी सांगेन, तू नको.

ताटं मोजायला मी उभी राहणार आहे. ह्यांनाही सांगून ठेवलंय, पहिल्या पंगतीपासून हातात वही, फोटोला बोलवायचं नाही. तू रविवारी ये. दोनशे पानी वही आण, आणि पेन नको, पेन्सिल आण. आईसमोर नावं खोडायची आहेत.