स्लॅब भार कसा सोसतो?

कल्याण पूर्व येथील सप्तशृंगी इमारतींत २० मे २०२५ रोजीं, चौथ्या मजल्यावर लादीचें काम चालू असतां, तेथील स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब फोडीत तळमजल्यापर्यंत गेला. सहा जणांचे प्राण गेले. आपणांपैकीं बहुतेकांच्या डोक्यावर असाच स्लॅब आहे. म्हणून तो भार कसा पेलतो हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

जाड खोडरबराच्या बाजूवर उभ्या रेघा ओढाव्या, टोकें दोन पेन्सिलींवर टेकवावीं व मध्यें बोटानें दाबावें. वरच्या अंगास रेघा जवळ येतात, खालच्या अंगास फांकतात. स्लॅबचेंही तसेंच: वर दाब, खालीं ताण. काँक्रीट दाब उत्तम सोसतें, ताणास मात्र फार दुबळें. म्हणून खालच्या अंगास पोलादी सळ्या घालतात. सज्ज्याची गोष्ट उलटी. त्याचें एक टोक मोकळें, त्यामुळें ताण वरच्या अंगास येतो आणि मुख्य सळ्या वर लागतात. काँक्रीट ओततांना त्या मजुरांच्या पायांखालीं दबल्या, तर सज्जा बाहेरून धडधाकट, पण आंतून लुळा!

आतां भाराचे प्रकार पाहूं. पांच इंची स्लॅबचें स्वतःचेंच वजन दर चौरस मीटरला सुमारें ३१५ किलो भरतें. राहत्या खोलींत माणसें व सामान यांचे २०० किलो धरावे, असें भारतीय मानक सांगतें. जुन्या लाद्या न काढतां वर दोन इंच माल घालून नव्या बसविल्या, कीं शंभराहून अधिक किलो वाढतात. पाहुणे उठून जातात, लाद्या जात नाहींत. आणि कायमच्या भारानें काँक्रीट वर्षानुवर्षें हळूहळू वांकत राहतें. एकाएकीं आलेल्या भाराचा परिणाम हळूच ठेवलेल्याच्या दुप्पट होतो. उंचावरून पडलेल्याचा तर कितीतरी अधिक. वरचा मजला पडल्यावर खालचा कां टिकत नाहीं, तें यावरून कळेल.

ठाणें-डोंबिवलीकडील खाडीकांठची दमट हवा आणि गळकी न्हाणी या आणखी एका शत्रूस साह्य करतात. गंजलेली सळई फुगते व काँक्रीटचें आवरण फोडते. छतावर तपकिरी डाग दिसले, पोपडे पडले, तर गिलावा व रंग लावून मोकळें होण्याची आपली संवय आम्हांस फार घातक वाटते. महापालिकांच्या हद्दींत तीस वर्षें झालेल्या इमारतीची तपासणी संरचना अभियंत्याकडून करविणें कायद्यानें बंधनकारक आहे. लाद्या बदलावयाच्या झाल्या, तर त्यालाच आधीं विचारावें, आणि जुन्या लाद्या घणाचे घाव न घालतां काढाव्या.