लोकजीवनाचे छायाचित्रण : अजिंठ्याचा धडा

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगविलेली भव्य तैलचित्रे इंग्लंडला गेली आणि १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाली. त्यांनीच कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची दृश्ये मात्र जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ साली ग्रंथरूपाने निघाली होती. प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या, म्हणून ती वाचली. त्यांत रंग नाही, हे खरे. पण तत्कालीन अजिंठा आहे.

माणसांच्या छायाचित्रणाचा इतिहास इतका निर्मळ नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील साडेचारशेहून अधिक छायाचित्रांत बहुतेकांची नावेच नाहीत. जात किंवा जमात लिहिली की काम संपले! राज्यकर्त्यांना नोंद हवी होती, परिचय नव्हे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असे काम नव्याने करण्यास मोठा वाव आहे. सुती ताणा व रेशमी बाणा यांतून उतरणारे हिमरू हातमागावर विणणारे आता थोडेच उरले आहेत. कागजीपुऱ्याचा हातकागद, पैठणची नाथषष्ठी, खुलताबादचा उरूस हेही विषय आहेतच. उद्घाटनाच्या फितींची छायाचित्रे कार्यालयांत पुष्कळ असतात. मागावर बसलेल्या माणसाचे क्वचितच आढळते.

पैठणीचेच उदाहरण घ्यावे. नेसलेल्या साडीचे छायाचित्र कोणीही काढील. अभ्यासकाला हवा असतो तो पदर विणला जात असतानाचा क्षण : रंगारंगांच्या लहान कांड्या, मोराचा आकार धरू लागलेले धागे आणि सुलट्या बाजूइतकीच सुबक उलटी बाजू. त्यासाठी खिडकीचा उजेड पुरतो. मात्र विणकराची संमती आधी घ्यावी व त्याला ‘नीट बसा’ असे सांगू नये. तो बसतो तीच त्या कामाची बैठक होय.

छायाचित्रामागे विणकराचे नाव (त्याची इच्छा असल्यास), गाव, कामाची पायरी व दिनांक नोंदवावा. उत्सवाच्या बाबतीत तिथीही लिहावी, कारण फाल्गुन वद्य षष्ठीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. एक प्रत शाळेत, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तिसरी विणकराच्या घरी पोहोचती करावी.