लक्षद्वीपची झाडे आणि आपली झाडे



सातवीच्या वर्गात आम्ही लक्षद्वीप शिकवीत होतो. अरबी समुद्रातील ही प्रवाळांची छोटी बेटे, सर्वांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथे काळी माती नाही, नदी नाही, मग झाडे कुठून आली?"

काही बिया समुद्रावर तरंगत आल्या. नारळावरचे जाड सोडण त्याला बुडू देत नाही. काही बिया पक्ष्यांनी आणल्या. केळी, शेवगा, नीरफणस माणसांनी होडीतून नेले. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर करून राहते. त्यावर माडही जगतो आणि माणूसही.

मग आम्ही गृहपाठ दिला: आपल्या घरची, शेतातली, रानातली झाडे लिहा आणि मूळची कोणती, आणलेली कोणती ते सांगा. वह्या तपासताना गंमत झाली. मिरची, टोमॅटो, भुईमूग, मका, पेरू, सीताफळ, सगळ्यांपुढे "आपले" असे लिहिले होते. ही सारी अमेरिका खंडातून आली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा! सोयाबीन चीनकडचे. आपली भाकरीची ज्वारी आणि चिंच आफ्रिकेतली. तूर मात्र भारतातलीच. कापसाचे उत्तर सरळ नाही: देशी कापूस आपला, पण आज शेतात दिसतो तो बहुतेक अमेरिकन जातीचा, आणि २००२ साली परवानगी मिळाल्यापासून बीटी. पालकांना हे आम्ही काय सांगावे?

रानातली सागवान, पळस, तेंदू, चारोळी, बिब्बा, मोह ही खरी इथली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुस्तकात महुआ आणि टेसू, घरी मोह आणि पळस, बाजारात इप्पा आणि मोदुगा. ही सहा नावे दोनच झाडांची आहेत हे कळायला आम्हांस कॉलेज गाठावे लागले. आमच्या विद्यार्थ्यांनी तरी एवढे थांबू नये.

आता थोडे विश्वस्त मंडळींसाठी. शाळेसमोरचा गुलमोहर मादागास्करचा आहे. तो तोडा असे कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हणणार नाही. मागच्या बाजूचा मोह मात्र सायकल स्टँडच्या आड येतो म्हणून काढावा, अशी सूचना आली आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुले गळतात, शेजारच्या वस्तीतील बाया टोपल्या घेऊन येतात, रात्री वटवाघळे येतात. बियांचे तेल निघते. नवे रोप लावले तर फुलायला दहाएक वर्षे जातात.

स्टँड चार हात पूर्वेला सरकवता येईल; जागा आम्ही दोरी लावून मोजली आहे. नकाशा कार्यालयात ठेवला आहे, पुढील सभेपूर्वी पाहावा ही विनंती.